पानिपत राहू दे भो, आधी मालेगावची भिंत उभी कर

अमळनेरच्या एका वाचक भाऊचं पत्र आलंय. पत्र मोठं आहे, मुद्द्याचं तेवढं इथे देतो.

"दादा, मी ३१ वर्षांचा, खासगी नोकरी. चार वर्षांपासून जुन्या लढायांचे मिनिएचर सोल्जर गोळा करतोय. १/७२ स्केलचे (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढे) नेपोलियनच्या काळातले ब्रिटिश आणि फ्रेंच, २८ मिमीचे (म्हणजे साधारण तेवढ्या उंचीचे) दुसऱ्या महायुद्धातले जर्मन, १५ मिमीचे थोडे टँक, आणि एका म्हाताऱ्या कलेक्टरकडून घेतलेले जुने धातूचे घोडेस्वार. रंगवून झालेत अगदी मोजके, बाकी खोके कपाटात. स्वप्न पानिपतचं आहे, अख्खं टेबलभर पानिपत. पण टेरेन, म्हणजे टेबलावर मांडायची जमीन, घरं, झाडं, बाहेरून मागवायचं म्हटलं की कुरिअर आणि कस्टम धरून किंमत डोक्यावरून जाते. इथे सोबत खेळायला कोणी नाही. अप्पा म्हणतात, हाऊ काय पोरेस्ना खेय शे? (हा काय पोरांचा खेळ आहे?) बायको तसं काही बोलत नाही पण परवा तिने विचारलं की जिथे खरी माणसं मेली त्याचा खेळ कसा करवतो तुला, आणि मला उत्तर देता आलं नाही. घरात दोन वर्षांचा मुलगा आहे. सगळं विकून टाकू का?"

भाऊ, राम राम. विकू नको. निदान सगळं तरी नको. पण नवीन खोका घेणं आजपासून बंद कर, आणि हे मी पैशासाठी म्हणत नाहीये. तुझ्याकडे चार स्केल आहेत, तीन काळ आहेत आणि लढाई एकही नाही. सोल्जर विकत मिळतात, लढाई विकत मिळत नाही, ती आपल्याला ठरवावी लागते, आणि ठरवली की मग कोणता खोका उघडायचा, कोणता विकायचा, टेबल केवढं लागेल, सगळे प्रश्न आपोआप सुटायला लागतात. तुझं ठरवणंच राहिलंय एवढंच.

आता पानिपत. मला कळतं रे. मराठी माणसाने हा छंद धरला की पहिलं नाव तेच येतं, १४ जानेवारी १७६१, इब्राहिमखान गारद्याच्या तोफा, हुजुरात म्हणजे पेशव्यांची खास फौज, सगळं डोळ्यापुढे उभं राहतं. पण पानिपत म्हणजे दोन्हीकडचे हजारो घोडे, आणि एक घोडेस्वार नीट रंगवायला पायदळाच्या दोन-तीन माणसांएवढा वेळ जातो, घोडा वेगळा, खोगीर वेगळं, स्वार वेगळा. ५० माणसांना एक फिगर असा हिशोब धरला तरी आकडा हजाराच्या पुढे पळतो. पहिला प्रोजेक्ट म्हणून पानिपत घेतलं की ते कपाटातच राहतं. ते दहा वर्षांनी कर, मी स्वतः बघायला येईन.

त्याऐवजी आत्ता जवळचीच लढाई घे. तुझ्या घरापासून धुळ्यावरून गेलं की मालेगाव. तिथला भुईकोट तू बाहेरून शंभरदा पाहिला असशील, नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधलेला, मोसम नदीच्या काठाला. १८१८ च्या मे-जूनमध्ये तिथे जे झालं ते आपल्याकडे फार थोड्या लोकांना माहितीये. पेशवाई संपत आली होती, होळकरांशी मंदसोरला तह होऊन खानदेशातला मुलूख कंपनीकडे गेला होता, पण इथले किल्ले ज्यांच्या हातात होते त्यांनी कागद मानला नाही. मालेगावात अरब शिबंदी, म्हणजे पगारी शिपाई, होती. कंपनीचा कर्नल मॅकडॉवेल तोफा घेऊन आला, तटाला भगदाड पाडलं, हल्ला चढवला आणि तो हल्ला फसला. पुढे गेलेला इंजिनिअर अधिकारी भगदाडावर चढला आणि तिथेच पडला, वरून दिसलं की पलीकडे उतरायचीच सोय नाही, शिड्या कामाच्या नाहीत. मग जादा फौज आली, उखळी तोफा आल्या, किल्ल्यातलं दारूकोठार उडालं आणि जूनच्या मध्यात अरबांनी किल्ला दिला.

हे मी तुला का सांगतोय तर यात टेबलासाठी लागणारं सगळं आहे. जागा छोटी आहे. दोन्ही बाजूंचं ध्येय वेगळं आहे, एकाला आत शिरायचंय, दुसऱ्याला फक्त टिकायचंय. आणि मोठी गोष्ट म्हणजे हल्ला करणाऱ्याला माहीतच नाही की भगदाड चढून जाण्यासारखं आहे की नाही. हा नियम तू थेट घालू शकतोस, पहिला सोल्जर वर पोचला की फासा टाकायचा, १ ते ३ आलं तर पलीकडे खोल उडी आहे, शिडी मागवा, तोवर उघड्यावर उभे राहा. एवढ्या एका फाशाने खेळणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, आणि त्या दिवशी तिथल्या माणसाला काय वाटलं असेल याची थोडी कल्पना येते. असे नियम कुठल्या जाड रूलबुकात शोधू नको, लढाईचं वर्णन वाचलं की नियम त्यातूनच निघतात.

सोल्जर तुझ्याकडे आहेत. नेपोलियनच्या काळातला लाल डगल्यातला ब्रिटिश म्हणजे थोड्या फरकाने १८१८ चा कंपनीचा माणूसच, देशी पलटणींचा डगलाही लालच असायचा. चेहरा-हात आपल्या रंगाचे कर, डोक्यावरची टोपी बदल, झाला शिपाई. अरबांसाठी फ्रेंचांमधले लांब ग्रेटकोटवाले वेगळे काढ. त्यांची उंच टोपी ब्लेडने कपाळाच्या वर सपाट काप. मग एम-सीलचे दोन्ही भाग मटारच्या अर्ध्या दाण्याएवढे घेऊन एक रंग होईपर्यंत मळ, बोट ओलं करून काचेवर शेवयीसारखी बारीक वळी कर, आणि ती डोक्याभोवती दोन वेढे देऊन शेवट मानेवर सोड. वळी ओली असतानाच टाचणीच्या टोकाने तिरक्या रेघा मार, त्या कापडाच्या घड्या दिसतात. एम-सील पटकन आवळतं म्हणून एका वेळी तीन-चार डोक्यांपुरतंच मळायचं. कोटाची बटणं ब्लेडने खरवडून टाक, कमरेला त्याच वळीचा शेला, त्यात जंबियासाठी, म्हणजे वाकड्या खंजिरासाठी, स्टेपलरच्या पिनेचा वाकवलेला तुकडा. रंग चढला की कोणी म्हणणार नाही की हा कधीकाळी बोनापार्टचा माणूस होता.

एक सांगून ठेवतो, १/७२ चे बहुतेक सेट मऊ प्लॅस्टिकचे असतात, पॉलिथिनचे, त्याच्यावर रंग धरत नाही, बंदूक जरा वाकली की पापुद्रा निघून येतो. आधी भांडी घासायच्या लिक्विडने कोमट पाण्यात ब्रश मारून धू, कारखान्यातलं तेल निघालं पाहिजे. वाळल्यावर फेविकॉलमध्ये पाणी घालून एक पातळ हात दे, तो वाळला की प्रायमर, मग रंग, शेवटी परत मॅट वार्निश. २८ मिमीचे जर्मन कडक प्लॅस्टिकचे असतील तर त्यांना हे काही लागत नाही, साबणाने धुवून थेट प्रायमर. गाड्यांचे रंग विकणाऱ्या दुकानात जो ग्रे प्रायमरचा स्प्रे मिळतो तो चालतो, आधी एका टाकाऊ तुकड्यावर मारून बघ. पण आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी गच्चीवर स्प्रे मारलास तर रंग हवेतच वाळतो आणि फिगरवर रवाळ धूळ बसते, म्हणून पहाटे सहा-साडेसहाला मार, सावलीत. पावसाळ्यात उलटं, दमट हवेत वार्निशवर पांढुरकी झाक येते आणि सगळी मेहनत धुक्यात गेल्यासारखी दिसते.

रंगांसाठी परदेशी बाटल्याच पाहिजेत असं काही नाही. त्या चांगल्या असतात, पिगमेंट बारीक असतं, पातळ करूनही झाकतात, हे खरं. पण लाल, पांढरा, काळा, तपकिरी, मातकट एवढं आपल्या स्टेशनरीच्या दुकानातल्या अ‍ॅक्रिलिकमध्ये निभतं, जाड हात न देता पाण्याने पातळ करून दोन हात द्यायचे. सगळ्यात जास्त फरक पाडतो तो वॉश, म्हणजे गडद तपकिरी रंगात भरपूर पाणी आणि भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, तो सगळ्या फिगरवर सोडायचा, घड्यांमध्ये उतरतो आणि सावल्या आपोआप पडतात. मग कोरड्या ब्रशला फिकट रंग लावून कागदावर पुसून वरच्या कडांवर फिरवायचा. टेबल तीन फुटांवरून बघतात रे, डोळ्यातली बाहुली कोणी बघत नाही. तुझे खोके पडून राहिलेत त्याचं अर्धं कारण मला वाटतं हेच असणार, इंटरनेटवरचे बक्षीस मिळवलेले फोटो बघून तू प्रत्येक सोल्जर तसा करायला जातोस आणि तिसऱ्यालाच दमतोस. बारा-बाराचा गट घे, आधी बाराही जणांचे डगले, मग बाराही पायजमे, असं.

आता टेरेन, आणि यावर मला मनापासून बोलायचंय. बाहेरून मागवायची गरजच नाही. परदेशात जे टेरेन मिळतं ते तिकडचं असतं, उतरत्या छपरांची घरं, हिरवं गार कुरण, दगडी कुंपणं, पाइनची झाडं. ते लाखभराचं आणून त्यावर मराठे मांडलेस तरी नजरेला खटकणारच. खानदेशची जमीन अशी नाहीये. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, नाल्याकाठी बाभळी, गावाला निवडुंगाचं कुंपण, मधे पांढरीच्या मातीची गढी, आणि घरं धाब्याची. धाब्याचं घर मॉडेल करायला सोपं, छप्परच सपाट! पुठ्ठ्याचा खोका, वर चारी बाजूंनी बोटाच्या पेराएवढी कड, फेविकॉलमध्ये बारीक माती कालवून बाहेरून लेप, सुकल्यावर फिकट मातकट रंगाचा कोरडा ब्रश, दाराला आइसक्रीमच्या काड्या. एका रविवारी गल्ली उभी राहते.

बेससाठी (सोल्जर ज्या चकतीवर उभा असतो ती) आणि जमिनीसाठी बोरी नाहीतर तापीकाठची वाळू आण, दोनदा धू, कढईत कोरडी भाजून घे म्हणजे किडे-बिया राहत नाहीत, आणि दोन जाळ्यांच्या चाळण्यांनी चाळ. चहाच्या गाळणीतून पडते ती बेसवर, वर राहते ती नदीच्या पात्रात. गवतासाठी वखारीतून लाकडाचा भुसा घे, पोस्टर कलरच्या पाण्यात भिजवून सावलीत वाळव, पण सगळा एका हिरव्याचा करू नको, निम्मा वाळक्या गवताच्या पिवळ्याचा कर, मे-जूनची लढाई आहे, तेव्हा आपल्याकडे हिरवं असतंय कुठे. आणि बंदुकीच्या धुरासाठी कापूस. हे विकत घ्यायचं नाही, कोणाच्याही शेतातलं एक बोंड पुरतं, सरकी काढून बोटांनी इतका विरळ कर की पलीकडचं दिसलं पाहिजे, आणि ज्या तुकडीने गोळी झाडली तिच्यापुढे ठेव. कोणी झाडली, कोणाची भरायची राहिली हे लक्षात राहतं, तो नियमाचा भाग होतो, आणि संध्याकाळच्या तिरक्या उजेडात फोटो काढलास ना तर बघणारा थांबतो.

तटबंदीसाठी थर्माकोल घेशील, घे, पण दोन गोष्टी. टीव्हीच्या खोक्यातला दाण्यादाण्याचा थर्माकोल कापताना भुगा होतो, त्यापेक्षा इन्सुलेशनच्या शीट येतात, घट्ट, बारीक पोताच्या, त्यावर बॉलपेनने दाबून दगडांचे सांधे काढता येतात. आणि दुसरं म्हणजे स्प्रे पेंट किंवा फेविक्विक थेट लावलं की थर्माकोल विरघळतो, खड्डे पडतात. आधी फेविकॉल आणि काळ्या रंगाचा जाड हात, तो पूर्ण वाळू दे, मग पुढचं सगळं ब्रशनेच. अख्खा किल्ला करायचा नाही हं! तटाचा एकच तुकडा, दोन बाजूंना अर्धे बुरूज, मधे भगदाड, पुढे खंदक. भगदाडाच्या ढिगाऱ्यासाठी शीटचे तुकडे आणि वाळू, उतार असा ठेव की बेस उभा राहील. उंचीचा हिशोब साधा, खरा तट समजा ९ मीटर धरला तर १/७२ मध्ये साडेबारा सेंटिमीटर. ९० बाय ६० सेंटिमीटरचा प्लायवूड बास, तो पलंगाखाली जातो.

आणि हिशोबाचं निघालंच आहे तर एक गोष्ट, ज्यावर नवीन माणूस अडतो. त्या काळच्या बंदुकीचा भरवशाचा पल्ला साधारण ९० मीटर धर. १/७२ ने ते सव्वा मीटर होतं, म्हणजे तुझ्या टेबलाच्याही बाहेर. म्हणून सोल्जरचं स्केल आणि जमिनीचं स्केल वेगळं ठेवतात, माणूस १/७२ चा पण अंतरं दाबलेली, बंदूक ३० सेंटिमीटर, चाल १० सेंटिमीटर असं काहीतरी. हे फसवणूक नाही, नकाशातही आपण रस्ता खऱ्यापेक्षा जाड काढतोच.

तुझ्या बाकीच्या खोक्यांचं. १५ मिमीचे टँक विकून टाक, किंवा पुण्या-मुंबईत कोणाशी अदलाबदल कर, त्यांच्याबरोबर काही जुळत नाही. २८ मिमीचे जर्मन ठेव. पण त्यांच्यासमोर अमेरिकन वगैरे आणू नको, इटलीतली मराठा लाइट इन्फंट्री आण. रायगडचे यशवंत घाडगे, १० जुलै १९४४, टायबरच्या खोऱ्यात सोबतचे जवळजवळ सगळे पडल्यावर एकटे मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले, ठाणं घेतलं आणि मग गोळी लागून गेले. नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातले नामदेव जाधव, ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी, गोळीबारातून दोन जखमी सोबत्यांना उचलून आणलं आणि परत जाऊन मशीनगनची ठाणी बंद केली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. आपल्याकडे कितीजण ही नावं ओळखतात? सेनिओचा बांध म्हणजे दोन उंच कडा आणि मधे पाणी, तेवढंच टेरेन. जर्मनांवर स्वस्तिकाचे झेंडे लावायचे नाहीत, एवढी माझी विनंती. इतिहास दाखवायला गणवेश पुरतो, त्या झेंड्याला घराच्या कपाटात मानाची जागा कशाला.

इथूनच वहिनींच्या प्रश्नाकडे येतो. माझ्या मते तुझ्या पत्रातला सगळ्यात खरा प्रश्न तोच आहे, आणि तू त्यांना उत्तर दिलं नाहीस हे बरं केलंस, घाईत दिलेलं उत्तर खोटं निघालं असतं.

तापीकाठचं थाळनेर तुमच्याकडून किती लांब आहे? २७ फेब्रुवारी १८१८. महिदपूरची लढाई जिंकून सर थॉमस हिस्लॉप खाली येत होता, थाळनेरच्या किल्लेदाराने किल्ला दिला नाही, थोडी झटापट झाली, दरवाजाशी बोलणी चालू असताना गोंधळ होऊन दोन इंग्रज अधिकारी मारले गेले, आणि मग आतल्या सुमारे तीनशे माणसांची कत्तल झाली. किल्लेदार तुळशीराम मामाला फाशी दिलं. यावर तेव्हा इंग्लंडातही टीका झाली. आता हे तुझ्या घराजवळचं आहे, जागा छोटी आहे, सोल्जर तेच लागतील, टेबलासाठी मालेगावपेक्षाही सोपं. तरी मी तुला थाळनेर खेळायला सांगणार नाही. कारण तिथे शेवटी लढाई राहिलीच नाही. दोन्ही बाजूंना काही करण्यासारखं असतं, चाल चुकते, हिंमत टिकते किंवा सुटते, तिथे खेळ होऊ शकतो आणि त्यातून काही कळतं. हात टेकलेल्या माणसांना मारण्याचा खेळ होत नाही. त्याचं मॉडेल करायचं तर कर, पडकं दार, खाली तापी, आणि शेजारी एका कागदावर काय झालं ते लिहून ठेव. फासे नकोत.

वहिनींना हे सांग, आणि नुसतं सांगू नको, एकदा दोघं मिळून थाळनेरला जाऊन या. मी या छंदात राहिलो तो याचसाठी. पुस्तकात 'हल्ला परतवला' एवढं वाचून आपण पुढे जातो, पण तोच हल्ला टेबलावर मांडला की उघड्या मैदानातून खंदकापर्यंतचं ते अंतर दिसतं आणि आपण रंगवलेले बाराचे सात होताना हात जड होतो. त्या लाल डगल्यातले बहुतेक आपल्यासारखेच गरिबाघरचे होते, पगारासाठी आलेले, आणि तटावरचेही पगारासाठीच. ज्याला हे जाणवत नाही त्याने खरंच हा छंद सोडावा. तुला जाणवतंय, म्हणून तर तू वहिनींचा प्रश्न पत्रात लिहिलास.

सोबत खेळायला कोणी नाही म्हणतोस. छोट्या गावात याचा इलाज एकच, दोन्ही बाजू स्वतः जमवायच्या. मोठ्या शहरात ज्याची त्याची फौज असते, इथे तू टेबल मांडून दोन्ही फौजा तयार ठेवल्यास तर समोरच्याला फक्त येऊन बसायचंय. बुद्धिबळ खेळणारे बघ, शाळेतले इतिहासाचे सर बघ, ललिंग-सोनगीरला ट्रेकला जाणारी पोरं बघ. नियम एका पानात बसले पाहिजेत, आणि खेळ दोन तासांत संपला पाहिजे, पाहुण्याला जिंकायची बाजू द्यायची. कोणीच नाही मिळालं तरी एकट्याने होतं, अरबांचे चार-पाच हुकूम चिठ्ठ्यांवर लिही, डावात एक चिठ्ठी काढ, तेच करायचं. वाचायला धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ जवळच आहे, एक दिवस सुट्टी काढून जा.

अप्पांशी वाद घालू नको. त्यांना कामाला लाव. धाब्याचं घर कसं असायचं, माळवदावर पाणी कुठून निघायचं, गढीचा दरवाजा कोणत्या बाजूला, हे तुझ्यापेक्षा त्यांना जास्त माहितीये आणि त्यांना ते विचारणारं आता घरात कोणी राहिलेलं नाही. पहिलं घर त्यांना विचारून कर. चुकलं की ते स्वतःच हातात घेतील बघ.

आणि मुलगा दोन वर्षांचा आहे म्हणून हे नीट वाच. ते जुने धातूचे घोडेस्वार, जुन्या फिगरमध्ये शिसं असायचं, हल्लीच्या बहुतेक शिसं नसलेल्या मिश्रधातूच्या असतात पण तुझ्या जुन्या आहेत. त्यांना हात लावला की साबणाने हात धू, घरात कानस मारू नको, आणि अंगावर पांढरी पावडर दिसली तर फुंकू नको, ओल्या कापडाने पुसून ते कापड टाकून दे. लाकडी आणि एमडीएफच्या बंद कपाटात लाकडातून आम्लाची वाफ सुटते आणि शिसं त्यानेच खातं, म्हणजे तुझ्या कपाटातून ते आधी बाहेर काढ. रंगवून, वार्निश करून पत्र्याच्या ट्रंकेत ठेव. तशीही ट्रंक या छंदासाठी सगळ्यात चांगली, बेसखाली चुंबकी शीट चिकटवली की सोल्जर तळाला धरून राहतात, मोटारसायकलवर धुळ्याला नेलं तरी एक संगीन मोडत नाही. शीटच लाव, ती बारीक गोल ताकदीची चुंबकं नको. पोराने तसली दोन गिळली तर आतडी मधे धरून ती एकमेकांना चिकटतात, थेट ऑपरेशनची वेळ येते. ट्रंकेला कुलूप.

तर क्रम असा धर. या महिन्यात टँक विकून प्लायवूड आणि शीट घे, तट आणि खंदक आधी उभा कर, रिकामं टेबल समोर दिसलं की रंगवायला हात आपोआप वळतो. मग बारा शिपाई आणि सहा अरब, एवढ्यावरच पहिला खेळ लाव, बाकीचे मागून येत राहतील. भगदाडाचा उतार कसा करायचा यात अडलास तर फोटो काढून पाठव, मी मापं लिहून देतो. स्प्रेची कामं तेवढी मृग लागायच्या आत उरकून घे.